पक्ष खुशाल बदला, पण आमची खासदारकी ठेवून जा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र मोठं आहे, पण शक्य झालं तर पूर्ण छापा. अर्धवट छापलं तर मी कुठल्यातरी एका पक्षाच्या बाजूने लिहिलंय असं वाटेल, आणि तसं अजिबात नाहीये. मी कोल्हापूर लोकसभा मतदारसंघाचा मतदार आहे. आमच्या इथल्या गेल्या पंचवीस वर्षांच्या निवडणुका नीट आठवून बघितल्या की पक्ष या शब्दाला नेमका काय अर्थ उरलाय हा प्रश्न पडतोच, आणि तो फक्त कोल्हापूरचा नाही, देशभरचा आहे, म्हणून लिहितोय.

आधी आमच्याकडचंच सांगतो. २००४ ला धनंजय महाडिक शिवसेनेच्या तिकिटावर लोकसभेला उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या सदाशिवराव मंडलिकांकडून थोडक्यात हरले. २०१४ ला तेच महाडिक राष्ट्रवादीचे उमेदवार, आणि समोर शिवसेनेकडून कोण, तर सदाशिवरावांचे चिरंजीव संजय मंडलिक. म्हणजे दहा वर्षांत दोन्ही घरांनी पक्षांची अदलाबदल केली आणि आम्ही मात्र त्याच दोन आडनावांत निवड करत बसलो. त्या मोदी लाटेत राष्ट्रवादीचे राज्यात चारच खासदार आले, त्यातले एक महाडिक. २०१९ ला संजय मंडलिकांनी त्यांना २ लाख ७० हजारांच्या वर मतांनी पाडलं, तेव्हा काँग्रेसचे सतेज पाटील आघाडीत असूनसुद्धा ‘आमचं ठरलंय’ म्हणत उघड मंडलिकांच्या मागे उभे राहिले. त्यानंतर काही महिन्यांत महाडिक भाजपमध्ये गेले, २०२२ ला राज्यसभेत गेले. त्याच वर्षी मंडलिक उद्धव ठाकरेंना सोडून शिंदेंबरोबर गेले आणि २०२४ ला महाडिक त्याच मंडलिकांच्या प्रचारात, आणि सतेज पाटील त्यांच्या विरोधात, आणि निवडून आले काँग्रेसचे शाहू छत्रपती. बाहेरगावच्या माणसाला हे एका दमात सांगायला गेलं की तो म्हणतो थांब, परत सांग. आम्हाला मात्र यात काही वेगळं वाटेनासं झालंय, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

आता महाडिकांबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला पाहिजे. साखर कारखाना, उद्योगधंदा, युवाशक्तीचं संघटन असा सगळा पसारा असलेला हा माणूस तीन पक्ष फिरला, हे खरं. पण खासदार असताना मधेच पक्ष सोडून खासदारकी बरोबर घेऊन गेला असं त्यांनी केलं नाही. हरले, मग गेले. हरलेल्या माणसाने दुसरीकडे जाणं हा त्याचा हक्क आहे, पटो न पटो. याउलट संजय मंडलिक आणि शेजारच्या हातकणंगल्याचे धैर्यशील माने २०१९ ला ठाकरेंच्या शिवसेनेकडून निवडून आले आणि २०२२ च्या जुलैत शिंदेंच्या बाजूने गेलेल्या १२ खासदारांत होते, आणि दोघांनीही राजीनामा देऊन परत मतं मागितली नाहीत. ‘आम्हीच खरी शिवसेना’ असं त्यांचं म्हणणं, आणि पुढे निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला, तेही मान्य. पण ज्यांनी २०१९ ला मत दिलं त्यांना कुणी विचारलं का? पोस्टरवर एकाचा फोटो बघून मत दिलं आणि तीन वर्षांनी आमचं मत दुसऱ्याच्या खात्यात. माझा राग आहे तो यावर. पक्ष बदलण्यावर नाही. खासदारकी म्हणजे काही कुणाच्या नावावरचा सातबारा नव्हे, की जाताना बरोबर घेऊन जावा.

आणि परत मतं मागायला गेलं की काय होतं हे महाराष्ट्राने बघितलंय. २०१९ च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. शरद पवारांची ती पावसातली सभा सगळ्यांना आठवते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सातारकरांना विचारलं गेलं, आणि त्यांनी श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं. पुढे २०२४ ला त्याच सातारकरांनी उदयनराजेंना भाजपकडून निवडून दिलं. दोन्ही वेळा निर्णय लोकांचा. माझ्या मते पक्षांतराचा एवढा एकच रस्ता सरळ आहे, आणि त्या रस्त्याने जाणारे फार म्हणजे फारच थोडे.

पण मूळ मुद्दा बिझनेसवाल्या राजकारण्यांचा. व्यवसाय करणाऱ्याने संसदेत जाऊच नये असं मी म्हणत नाही. शेतकरी जातो, वकील जातो, डॉक्टर जातो तसा कारखानदारही जावा, उलट पगार द्यायचे, बँकेचे हप्ते फेडायचे, टॅक्स भरायचा याचा अनुभव असलेली माणसं तिथे असली तर चांगलंच. प्रश्न असा आहे की ज्याचा धंदा सरकारच्या सहीवर चालतो त्याला सत्तेपासून लांब राहणं परवडतं का? आणि परवडत नसेल तर तो ज्या पक्षाकडून निवडून येतो त्या पक्षाशी त्याचं नातं सत्ता असेपर्यंतच टिकणार, हे मतदाराने धरूनच चालायचं का?

आमच्या पश्चिम महाराष्ट्रात तर हे अगदी उघड्या डोळ्यांनी दिसतं. इथे बिझनेस म्हणजे साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षण संस्था. कारखान्याचं बघा. गाळप परवाना सरकारकडून. उसाचा एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचाच असा किमान दर, केंद्र ठरवणार, साखरेची किमान विक्री किंमत केंद्र ठरवणार, महिन्याला किती साखर विकायची तो कोटा केंद्राचा, निर्यात करायची की नाही ते केंद्राचं, इथेनॉलचा दर केंद्राचा आणि घेणार कोण तर सरकारी ऑइल कंपन्या. कारखाना अडचणीत आला की एनसीडीसीचं, म्हणजे केंद्राच्या सहकार विकास महामंडळाचं कर्ज, आणि त्याला राज्य सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरेल अशी हमी लागणार. म्हणजे थकहमी मिळाली तर बॉयलर पेटणार, नाही मिळाली तर हंगाम गेला, सभासदाचा ऊस दुसरीकडे गेला, आणि एकदा सभासद दुसरीकडे गेला की चेअरमनची आमदारकी पण गेली. २०२१ ला केंद्रात सहकार मंत्रालय झालं, २०२३ च्या बजेटमध्ये सहकारी कारखान्यांच्या जुन्या इन्कम टॅक्सच्या भानगडीवर तोडगा निघाला, शेतकऱ्यांना एफआरपीपेक्षा जास्त दिलेला दर नफा धरून टॅक्स लावला होता तो विषय, अर्थमंत्र्यांनी जवळपास १० हजार कोटींचा दिलासा म्हणून सांगितला. चांगला निर्णय होता, शेतकऱ्याच्या पैशावरचाच तो टॅक्स होता. पण एका निर्णयाने एवढं बदलत असेल तर चेअरमन साहेब कुठल्या पक्षात बसतील याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

आणि हे मी मनाने सांगत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात सांगलीचे तेव्हाचे भाजप खासदार संजयकाका पाटील, स्वतः साखर कारखानदार, २०१४ च्या आधी राष्ट्रवादीत होते, ते जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की मी भाजपचा खासदार आहे त्यामुळे ईडी माझ्या मागे लागणार नाही. त्याच महिन्यात काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेले इंदापूरचे हर्षवर्धन पाटील म्हणाले की इकडे आल्यापासून शांत झोप लागते, चौकशी वगैरे काही नाही. हलक्याफुलक्या मूडमध्ये बोललो असं नंतर सांगता येतं, आणि समोरचे लोक हसले पण. मला हसू आलं नाही. कारण शांत झोप हवी म्हणून लोकप्रतिनिधी पक्ष निवडत असतील तर विरोधी बाकावर बसून सरकारला जाब कोण विचारणार? हर्षवर्धन पाटील पुढे २०२४ ला शरद पवारांच्या पक्षात गेले आणि संजयकाका अजित पवारांच्या, ते सांगायला नकोच.

आता राज्यसभेचं. बिझनेसमधून संसदेत जायचा खरा रस्ता तिथून जातो आणि तो कसा पडला हे बघण्यासारखं आहे. १९७१ ला दोन मोठे उद्योगपती लोकसभेला उभे होते, दक्षिण मुंबईतून नवल टाटा अपक्ष आणि राजस्थानात झुंझुनूमधून के. के. बिर्ला स्वतंत्र पक्षाकडून. दोघेही पडले. लोकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तेच बिर्ला पुढे १९८४ ला राज्यसभेत गेले, काँग्रेसकडून, म्हणजे ज्या काँग्रेसविरुद्ध लढून हरले होते तिच्याचकडून, आणि २००२ पर्यंत तिथे होते. लोकसभेला लाखो लोकांसमोर जावं लागतं, राज्यसभेला मात्र आमच्या विधानसभेतले चाळीसएक आमदार पुरतात. तिथून पुढे अनिल अंबानी २००४ ला समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यावर अपक्ष, विजय मल्ल्या २००२ ला काँग्रेस आणि जनता दलाच्या पाठिंब्यावर आणि २०१० ला भाजप आणि जनता दलाच्या पाठिंब्यावर, परिमल नथवानी दोनदा झारखंडमधून अपक्ष आणि तिसऱ्यांदा थेट आंध्रमधून वायएसआर काँग्रेसचे. मल्ल्या २०१६ च्या मार्चमध्ये देश सोडून गेले तेव्हा ते खासदार होते, राजीनामा त्यानंतर दोन महिन्यांनी आला, हे विसरू नका.

आपल्या महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे, चांगला आणि वाईट दोन्ही. १९९८ च्या राज्यसभेला काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले आणि अपक्ष निवडून आले, आमदारांनी मतं फोडली म्हणून दिल्लीपर्यंत गाजलं. त्याच वर्षी राज्यसभेच्या एथिक्स कमिटीने, तिचे अध्यक्ष आपले नांदेडचे शंकरराव चव्हाण, पहिल्याच अहवालात लिहून ठेवलं की या निवडणुकांत पैशासाठी मतं फुटतात असं बोललं जातं, तेव्हा मतदान उघड करा. २००३ ला तसा कायदा झाला. आता आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. पण त्याच कायद्याने दुसरी एक अट काढून टाकली, ती म्हणजे उमेदवार त्याच राज्याचा मतदार असला पाहिजे ही. म्हणून तर कुणीही कुठूनही जातो. आपले सुरेश प्रभू २०१४ ला सकाळी शिवसेना सोडून भाजपमध्ये गेले, त्याच दिवशी रेल्वेमंत्री झाले आणि राज्यसभेवर गेले हरियाणातून, मग आंध्रातून. प्रभूंच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण हरियाणाच्या माणसाने आपला खासदार म्हणून त्यांच्याकडे काय घेऊन जायचं?

अपवाद सांगायचा तर राहुल बजाज. २००६ ला प्रमोद महाजनांच्या जागेवर ते अपक्ष निवडून गेले, भाजप, सेना आणि राष्ट्रवादी तिघांचा पाठिंबा होता, म्हणजे तिथेही जुळवाजुळव होतीच. पण त्यांनी कुठल्या पक्षाचा टिळा लावला नाही आणि बोलायचं ते तोंडावर बोलले. पुढे २०१९ ला, खासदार नसताना, गृहमंत्र्यांसमोर भर कार्यक्रमात उद्योगपतींना टीका करायची भीती वाटते असं सांगणारा माणूस तो हाच.

२०२२ च्या १० जूनची ती राज्यसभेची निवडणूक मला जास्त डाचते, कारण सहाव्या जागेसाठीची लढत म्हणजे कोल्हापूरचीच भानगड होती. आधी संभाजीराजे अपक्ष लढायला तयार होते, शिवसेनेने सांगितलं शिवबंधन बांधा, म्हणजे आमच्या पक्षात या, ते म्हणाले नाही, मग सेनेने आपले कोल्हापूरचे जिल्हाप्रमुख संजय पवार यांना उभं केलं. साधा शिवसैनिक, कित्येक वर्षं एकाच पक्षात, आंदोलनं केली, केसेस घेतल्या अंगावर. समोर महाडिक, तिसऱ्या पक्षात, कारखाना आणि सगळी ताकद पाठीशी. विधानसभेत आमदारांना सहा जागांसाठी १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे, पेन पण आयोगाने दिलेलंच वापरायचं. पेनचा हा नियम किती महत्त्वाचा ते २०१६ ला हरियाणात दिसलं होतं, काँग्रेसची डझनभर मतं वेगळ्या पेनमुळे बाद झाली आणि मीडिया उद्योजक सुभाष चंद्रा अपक्ष निवडून आले. इथे आमच्याकडे आक्षेप घेतल्यामुळे मोजणी तासन् तास थांबली, सेनेच्या सुहास कांदेंचं मत आयोगाने बाद केलं आणि निकाल लागायला पहाट झाली. पहिल्या पसंतीची मतं संजय पवारांना ३३ आणि महाडिकांना २७. तरी जिंकले महाडिक, कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे या दोघांना ४८-४८ मतं दिली होती आणि निवडून यायला लागणाऱ्या ४१ च्या वरची मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. हे गणित कायद्याप्रमाणे आहे, भाजपने ते जास्त हुशारीने मांडलं, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण अपक्ष आणि छोट्या पक्षांचे आमदार कुठे गेले? संजय राऊतांनी दुसऱ्या दिवशी काही अपक्षांची नावंच घेतली. अपक्ष आमदाराला मतपत्रिका कुणालाच दाखवायची नसते, त्यामुळे खरं काय ते कुणाला कळणार नाही. आणि त्या निकालानंतर दहा दिवसांत शिंदे आमदार घेऊन सुरतला गेले. माझ्या मते सरकार त्या राज्यसभेच्या रात्रीच गेलं होतं, नंतर फक्त कळलं.

त्याच १० जूनला हरियाणात कार्तिकेय शर्मा, तेही मीडिया उद्योजक, तेही अपक्ष, काँग्रेसच्या अजय माकनना हरवून निवडून आले. राजस्थानात सुभाष चंद्रा पुन्हा अपक्ष उभे होते, ते पडले. एकाच दिवशी तीन राज्यांत शेवटच्या जागेवर हाच खेळ, हे योगायोगाने होत नाही.

पैशाचं म्हणाल तर आरोप हवेत करायचे नाहीत, कोर्टात आलेलं एक उदाहरण देतो. २०१२ ला झारखंडमध्ये राज्यसभा मतदानाच्या दिवशी गाडीत २ कोटींच्या वर रोकड सापडली आणि आयोगाने निवडणूकच रद्द करायला लावली. त्याच निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराकडून पैसे घेतल्याचा आरोप सीता सोरेन या आमदारांवर झाला, त्या म्हणाल्या आमदार म्हणून मला संरक्षण आहे. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ४ मार्च २०२४ ला सांगितलं की मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर कुठलंही संरक्षण नाही, आणि १९९८ चा नरसिंह राव प्रकरणातला निकाल फिरवला. निकाल फार महत्त्वाचा आहे. निकालानंतर पंधरा दिवसांत सीता सोरेन झारखंड मुक्ती मोर्चा सोडून भाजपमध्ये गेल्या.

मग पक्षांतरबंदी कायदा कशाला आहे असं कुणी विचारेल. १९६७ ला हरियाणाच्या गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासून आयाराम गयाराम म्हणतात. कायदा यायला १९८५ उजाडलं, ५२ वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट. तेव्हा एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढलं आणि आता दोन तृतीयांश लागतात, तेही विलीनीकरणासाठी. म्हणजे एकटा गेला तर अपात्र आणि घोळक्याने गेले तर पात्र. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०१९ च्या जूनमधलं. तेलुगू देसमचे राज्यसभेत सहा खासदार होते, त्यातले चार भाजपमध्ये विलीन झाले, बरोबर दोन तृतीयांश. त्यातले वाय. एस. चौधरी, सी. एम. रमेश आणि टी. जी. व्यंकटेश हे तिघे उद्योजक. आधीच्या वर्षी चौधरींच्या कंपन्यांवर ईडीचे आणि रमेश यांच्याकडे इन्कम टॅक्सचे छापे पडले होते, आणि भाजपच्याच एका खासदाराने या दोघांना आंध्रचे मल्ल्या म्हणून एथिक्स कमिटीकडे तक्रार केली होती. सात-आठ महिन्यांत ते त्याच पक्षाच्या बाकावर. सगळं कायद्यात बसलं. रमेश २०२४ ला अनकापल्लीतून लोकसभेला निवडून आले, म्हणजे शेवटी लोकांकडे गेले, पण मधली पाच वर्षं तेलुगू देसमच्या आमदारांनी दिलेल्या जागेवर भाजपचे खासदार म्हणून काढली.

नवीन जिंदाल यांचं पण बघा. वडील ओ. पी. जिंदाल १९९६ ला हरियाणा विकास पार्टीकडून कुरुक्षेत्रचे खासदार, मुलगा त्याच जागेवर काँग्रेसकडून २००४ आणि २००९. सामान्य माणसाला रोज तिरंगा फडकवता यावा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, ते काम मोठंच आहे, नाकारत नाही. मग कोळसा खाणवाटपाचं प्रकरण आलं, सीबीआयने गुन्हा नोंदवला, २०१४ ला भाजपने हा विषय देशभर मांडला आणि जिंदाल हरले. २४ मार्च २०२४ ला ते भाजपमध्ये आले आणि त्याच दिवशी उमेदवारी जाहीर झाली. त्यांनी निदान मतदारांसमोर जाऊन जिंकलं, म्हणून मी त्यांना फार नावं ठेवणार नाही. पण कुरुक्षेत्रात भाजपची सतरंजी उचलणाऱ्या कार्यकर्त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल ते आमचे संजय पवार सांगू शकतील. पक्ष कुठलाही असो, दोघांचं दुःख एकच.

अपक्षांची पळवाट तर अजून सोपी आहे. कायदा म्हणतो अपक्ष निवडून आलेल्याने पक्षात प्रवेश केला की अपात्र. मग प्रवेश करायचाच नाही, सहयोगी सदस्य म्हणून राहायचं, बैठकीला जायचं, मतदान त्यांच्या बाजूने, फक्त फॉर्म भरायचा नाही. पुण्याचे बिल्डर संजय काकडे २०१४ ला अपक्ष राज्यसभेत गेले आणि भाजपचे सहयोगी राहिले, सगळं नियमात.

आणि निर्णय कुणी द्यायचा, तर सभागृहाच्या अध्यक्षाने, जो स्वतः एका पक्षाचा असतो. आपल्याकडे अपात्रतेचे अर्ज २०२२ च्या जून-जुलैचे, निकाल १० जानेवारी २०२४ ला, तोही सुप्रीम कोर्टाने तारखा देऊन देऊन. कुणीच अपात्र नाही. निकाल देणारे राहुल नार्वेकर स्वतः शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि तिथून भाजपमध्ये आलेले. त्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही, पण असा निर्णय असल्या खुर्चीकडे असूच नये. सुप्रीम कोर्टाने मणिपूरच्या प्रकरणात २०२० ला हेच सुचवलं होतं, की तीन महिन्यांत निकाल द्या आणि हे काम निवृत्त न्यायमूर्तींच्या कायमस्वरूपी लवादाकडे द्यायचा संसदेने विचार करावा. विचार झालेला नाही. ज्यांनी करायचा त्यांच्यातले कितीतरी जण असेच आलेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निवडून आल्यावर पक्ष सोडला, एकट्याने सोडला किंवा पन्नास जणांनी मिळून सोडला, राजीनामा द्यायचा आणि परत निवडून यायचं. राज्यसभेलाही तेच, परत आमदारांकडे जा. विलीनीकरणाची पळवाट बंद करा, सहयोगी सदस्य ही भानगड बंद करा. कुणी म्हणेल की मग खासदार पक्षश्रेष्ठींचे गुलाम होतील, स्वतःचं मत राहणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, की व्हिप, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायचा आदेश, फक्त सरकार पडण्याच्या ठरावांना आणि बजेटला ठेवा, बाकी विधेयकांवर खासदाराला मोकळेपणाने मत देऊ द्या. विरोधात बोला, विरोधात मत द्या, पण आत राहून द्या. आणि बाहेर पडायचं असेल तर मोकळ्या हाताने पडा.

धंदा असलेल्या खासदारांसाठी अजून एक. राज्यसभेत सदस्यांनी आपले आर्थिक हितसंबंध एका रजिस्टरमध्ये नोंदवायचे असतात, कंपनीत डायरेक्टर आहे का, पगार घेतो का, कंपनीवर ताबा असेल एवढे शेअर्स आहेत का, कन्सल्टन्सी आहे का, आणि सभागृहात त्या विषयावर बोलायच्या आधी ते सांगायचं असतं. नियम चांगला आहे. पण बोलायच्या आधी सांगून पुरत नाही, त्या धंद्याशी संबंधित समितीवर तो माणूस बसताच कामा नये. विमान कंपनीवाला विमान वाहतुकीच्या समितीवर, साखरवाला साखरेच्या, दारूवाला अबकारीच्या, हे बंद व्हायला पाहिजे. आणि ते रजिस्टर मराठीत, साध्या भाषेत, फोनवर बघता येईल असं लोकांसमोर पाहिजे.

हे सगळं संसदेच्या हातात आहे आणि लवकर होईल असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे, संपादक साहेब, आणि पत्र त्यासाठीच लिहिलंय. निवडणूक लागली की तुम्ही उमेदवाराचं शिक्षण, संपत्ती आणि गुन्हे यांची चौकट छापता, ती मी कापून ठेवतो. त्यात अजून दोन ओळी वाढवा. एक, हा उमेदवार आतापर्यंत कुठल्या कुठल्या पक्षात होता, कुठल्या साली, आणि सोडताना पदाचा राजीनामा दिला होता की नाही. दुसरी, त्याच्या किंवा घरातल्या माणसांच्या नावावर कुठले कारखाने, संघ, कंपन्या आहेत आणि त्यातल्या कुणाला सरकारची थकहमी, कर्ज किंवा कंत्राट आहे. माहिती सगळी सरकारी कागदावर असते, शपथपत्रात, विधिमंडळाच्या उत्तरात, कंपनीच्या रेकॉर्डवर, फक्त एका जागी कुणी आणत नाही. लोकसभेला छापा, राज्यसभेला तर नक्की छापा, आणि सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची छापा. चौकट छापायला कुठली घटनादुरुस्ती लागत नाही.

आपला नियमित वाचक,
एक मतदार, कोल्हापूर